नवी फिशिंग कयाक पहिल्यांदा पाण्यात उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या खाड्या, घाटावरची धरणं आणि गोव्यातल्या नद्या इथे कयाकवरून गरवायला (गळाने मासे पकडायला) सुरुवात करणाऱ्यांकडून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर बसायच्या प्लास्टिकच्या कयाकसाठी आहेत: साधारण १० ते १२ फूट लांब, ३० ते ३६ इंच रुंद. हवा भरायच्या कयाकला यातलं बरंचसं लागू पडत नाही.

१. कयाक आजच आली. रविवारी थेट रॉड घेऊन गेलो तर चालेल ना?

पहिल्या फेरीला रॉड घरीच ठेवा. गळाला मासा लागला की लक्ष, हात आणि शरीराचा तोल एकाच बाजूला जातो. कयाक किती कलल्यावर सावरते आणि कुठे सोडून देते हे त्याआधी अंगाला माहीत असायला हवं. शिवाय पहिल्या फेरीत मुद्दाम उलटायचं आहे (प्रश्न १०), आणि ते रील, मोबाईल, फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारं यंत्र) सोबत असताना कोणीही करत नाही, पुढच्या खेपेवर ढकलतो.

दोन तास पुरतात. पहिला अर्धा तास कमरेइतक्या पाण्यात बसणं, उतरणं, डावी-उजवीकडे झुकणं. मग किनाऱ्याला समांतर वल्हवणं, वळणं, एकदम थांबणं, उलटं जाणं. शेवटी उलटून परत चढणं. दमायच्या आत ते करा, कारण दमलेल्या हातांनी चढता येत नाही. दुसऱ्या फेरीला एक रॉड, एक छोटा डबा, बस.

२. पाण्यात नेण्याआधी घरी काय तपासायचं?

ड्रेन प्लग, म्हणजे आत शिरलेलं पाणी काढायच्या भोकाचं बूच, आधी. तो बहुधा मागच्या टोकाला असतो. उघडून आतली रबरी रिंग जागेवर आहे का, तिच्यावर प्लास्टिकचा कीस अडकलाय का बघा, मग हातानेच घट्ट बसवा. पक्कड लावली की आटे जातात.

मग गळतीची चाचणी. कयाक दोन स्टुलांवर ठेवा, हॅचमधून (वरच्या झाकणाच्या तोंडातून) आत पाचेक लिटर पाणी ओता आणि सावकाश चारही बाजूंना कलती करा. तळावर आणि स्कपरच्या (वरून तळापर्यंत आरपार भोकांच्या) नळ्यांच्या सांध्यांवर थेंब दिसतो का पाहा. वरच्या बाजूचे स्क्रू, रिव्हेट, हँडल, रेल यांच्यासाठी पाणी काढून टाकून हॅच बंद करा, ड्रेनच्या भोकातून फुंकणीसारखी हलकी हवा सोडा आणि साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तिथे गळती. कॉम्प्रेसरची हवा कधीही सोडू नका, सांधे फुटतात.

सुकाणू असेल तर दोन्ही पायांनी सारखंच वळतं का बघा. नव्या कयाकमध्ये एक केबल सैल निघणं नेहमीचं आहे. सीट पट्ट्यांनी बांधलेली आहे का तेही पाहा, कारण नुसती खाचेत बसवलेली सीट उलटल्यावर बुडते. हॅचमधून हात घालून आतले फोमचे ठोकळे चाचपा. वाहतुकीत ते सुटलेले असतात. फोम नसेलच तर आत चार-पाच पूल नूडल (पोहण्याच्या तलावातल्या फोमच्या लांब नळ्या) खुपसून ठेवा, पाणी शिरलं तरी कयाक तरंगत राहील.

३. पहिली चाचणी कुठे घ्यावी? धरण, गावतळं की खाडी?

हवं असं पाणी: प्रवाह नाही, किनारा हळूहळू खोल होतो, तळ वाळूचा किंवा मुरमाचा, आणि वारा वाहवत नेईल तिथेही उतरता येण्यासारखा काठ. असं तळं मिळालं तर तेच सगळ्यात चांगलं.

धरणात भिंत, सांडवा, दरवाजे आणि पाणी खेचणाऱ्या विहिरीपासून खूप लांब राहा. पाणी उतरलेलं असताना बुडालेल्या झाडांचे बुंधे पृष्ठभागाच्या अगदी खाली असतात. कयाक त्यावर चढून तिरकी झाली की उलटते.

खाडीत चिखल हा खरा प्रश्न. भरतीला जेटीशेजारी गुळगुळीत दिसणारी जागा ओहोटीला मांडीइतका गाळ होते आणि कयाक ओढत बाहेर येणं अशक्य होतं. जागा आधी एकदा ओहोटीला जाऊन बघून ठेवा. कातळावर कालवं असतील तर तळाला ओरखडे पडतातच, पायही फाटतात. जुने बूट घाला, सपाता नकोत.

आणि मगरी. वाशिष्ठी, सावित्री, सांगलीकडची कृष्णा आणि गोव्यातला कुंभारजुवे कालवा इथे मगरी आहेत. तिथे पाण्यात उतरून उलटण्याचा सराव करायचा नाही. इतर नदीच्या बाबतीतही काठावरच्या लोकांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका.

४. खाडीतच जायचंय. भरतीची वेळ कशी धरायची?

भरतीचं छापील कोष्टक किंवा अॅप पाहाच, पण जुना हिशोब पाठ असलेला बरा: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला ४ च्या पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, एकदा पहाटे आणि एकदा दुपारी. दशमीला साडेसात. हा अंदाज मुंबई-रायगडकडचा. मालवण-गोव्याकडे भरती त्याआधी येते आणि कुठल्याही खाडीत आत जावं तशी उशिरा पोचते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या पुढचे दोन-तीन दिवस भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. पहिल्या फेरीसाठी भांगच धरा. पाणी कमी चढतं-उतरतं, म्हणून ओढही कमी. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं, दक्षिण कोकणात त्याच्या जवळपास निम्मं. तेव्हा मालवणच्या माणसाचा सल्ला रायगडातल्या धरमतरच्या खाडीला जसाच्या तसा लावू नका.

सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. बारा भाग धरले तर ताशी १, २, ३, ३, २, १ असं. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं आणि तेव्हाची ओढ वल्ह्याला ऐकत नाही. दशमीला साडेसातची भरती असेल तर पावणेसातला उतरा, आधी समुद्राच्या दिशेने चढत्या पाण्याच्या विरुद्ध थोडं जा, म्हणजे दमलात तरी पाणी तुम्हाला आत आणेल. नऊच्या आत बाहेर या. ओहोटीला खाडीच्या मुखाकडे वाहत जाणं हा नवख्यांचा सगळ्यात धोकादायक प्रकार आहे.

५. वारा किती असला तर जायचं नाही?

नवख्याने ताशी १० ते १२ किलोमीटरपर्यंत. पाण्यावर पांढरे फेस दिसू लागले की आत जायचं नाही, आत असाल तर परत फिरायचं.

दिशा वेगापेक्षा महत्त्वाची. कोकणात हिवाळ्यात पहाटे मतलई वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं दिसतं, कारण मागच्या झाडांचा आणि टेकडीचा आडोसा असतो. अर्धा किलोमीटर आत गेलं की तोच वारा पाठीला लागतो आणि परतीला तोंडावर. दुपारकडे वारा फिरतो आणि समुद्रावरून येतो. धरणांवर दुपारचं वारं दरीतून एकदम सुटतं. म्हणून पहाटे उतरून दहा-साडेदहाला बाहेर, हे वेळापत्रक दोन्हीकडे चालतं. परतीच्या वाटेला वारा तोंडावर येणार असेल तर जाताना जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट धरा.

६. कयाकवर १५० किलो लिहिलंय, माझं वजन ९०. मग ६० किलो सामान नेता येईल?

नाही. लिहिलेल्या आकड्याच्या ७० टक्क्यांपर्यंतच ती नीट चालते. १५० चे १०५, त्यातून तुमचे ९० गेले, उरले १५ किलो. पाच लिटर पाणी, दोन किलोचा नांगर, बॅटरी, रॉड, बर्फाचा डबा यातच ते संपतात. काही कंपन्या सीट आणि पेडल ड्राइव्हचं वजनही याच आकड्यात धरतात. ते विचारून घ्या.

चाचणी सोपी. जेवढं सामान न्यायचंय तेवढ्या वजनाचे पाण्याचे कॅन कयाकमध्ये बांधा (१ लिटर म्हणजे १ किलो), वर बसा आणि गुडघाभर पाण्यात बघा. पाय ठेवायच्या जागी पाणी साचून राहत असेल किंवा मागचं टोक दबून पुढची नाळ उचलली जात असेल तर वजन जास्त आहे किंवा चुकीच्या जागी आहे. जड वस्तू मध्यावर आणि खाली ठेवा.

७. बसल्यावर तळातल्या भोकांतून पाणी वर येतं. कयाक फुटकी आहे का?

ती स्कपरची भोकं आहेत. डेकवर आलेलं पाणी बाहेर जावं म्हणून आरपार असतात, पोकळीशी त्यांचा संबंध नाही. बोटभर पाणी वर येणं ठीक. संथ पाण्यात सीटखालच्या दोन भोकांना प्लग लावा, बूड कोरडं राहतं. लाटांच्या जागी मात्र प्लग काढा, नाहीतर डेकवर आलेलं पाणी तिथेच डुचमळतं आणि तोल घालवतं. टाचा बुडेपर्यंत पाणी आलं तर प्रश्न ६ पाहा.

८. बाहेर आल्यावर ड्रेन प्लगमधून पाणी निघालं. किती निघालं तर काळजी करायची?

मोजा. पेलाभर पाणी हॅचच्या कडेने किंवा आतल्या दमटपणामुळे येतं. दोन तासांत लिटरभर निघालं तर गळती शोधा. हलवल्यावर आत पाणी खळखळत असेल तर त्या दिवशी पुन्हा आत जायचं नाही. आत मोकळं फिरणारं पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि कयाक परत सरळ होऊ देत नाही.

एक फसवं कारण लक्षात ठेवा. उन्हात तापलेली कयाक थंड पाण्यात टाकली की आतली हवा आकसते आणि सैल स्क्रूपाशी पाणी आत ओढलं जातं. उतरवण्याआधी सावलीत ठेवा किंवा पाण्यात थंड झाल्यावर हॅच क्षणभर उघडून पुन्हा लावा.

उरलेल्या जागा: ड्रेन प्लगची रिंग, रॉड होल्डरचे स्क्रू, पेडलच्या खाचेचा सांधा, आणि स्कपरची नळी तळाला मिळते तो कोपरा. भोकात दांडे घालायची ट्रॉली वापरली तर तोच कोपरा तडकतो, म्हणून पट्ट्याने बांधायची ट्रॉली घ्या. तडा गेलाच तर एम-सील आणि साधं इपॉक्सी या प्लास्टिकला धरत नाही, दोन खेपांत सुटून येतं. पॉलिथिलीनचं वेल्डिंग करून घ्यावं लागतं, त्याच जातीच्या प्लास्टिकच्या काडीने. कयाक वॉरंटीत असेल तर आधी विक्रेत्याला फोटो पाठवा, वेल्डिंग केल्यावर दावा टिकत नाही.

९. सरळ जातच नाही. कयाक वाकडी आहे की माझंच चुकतंय?

आधी वल्हं बघा. पात्याची लांब कड वर आणि पोकळ बाजू तुमच्याकडे हवी. उलटं धरणारे खूप. वल्हं आखूड असलं की पातं पाण्यात नीट बुडत नाही आणि प्रत्येक फटक्याला नाळ झुलते. ३४ इंच रुंद आणि उंच सीटच्या कयाकला २४० ते २६० सेंटिमीटरचं वल्हं लागतं. सोबत फुकट आलेलं बहुधा २२० चं असतं.

फटका पायाच्या बोटांशी सुरू करा, कमरेशी संपवा. मागपर्यंत ओढलं की कयाक वळते. गुडघे किंचित वाकलेले राहतील असे फूटपेग (पाय टेकायचे आधार) लावा.

वारा नसताना सरळ जाते आणि वारा आला की नाळ वाऱ्याकडे फिरते, तर मागे थोडं वजन सरकवा किंवा सुकाणू खाली टाका. नाळ वाऱ्यापासून लांब पळत असेल तर उलट करा. सुकाणू वळण्यापेक्षा सरळ ठेवायला जास्त कामाचं आहे.

१०. उलटली तर परत चढायचं कसं?

या पानावरचं एकच उत्तर करून बघणार असाल तर हे करून बघा. छातीइतक्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, काठावर एक माणूस उभा ठेवून.

कयाक सोडायची नाही. वारा तिला तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने नेतो. वल्ह्याला दोरी असेल तर तेही जवळ राहतं.

उलटी कयाक सरळ करायला मध्यावर या. रुंद कयाकवर पलीकडचं हँडल हाताला लागत नाही, म्हणून दोन-अडीच मीटरची, गाठी मारलेली दोरी एका बाजूच्या हँडलला आधीच बांधून ठेवा. ती तळावरून आपल्याकडे घ्या, गुडघे कयाकच्या कडेला टेकवा आणि मागे झुका. सरळ होते.

आता पाय मागे, पृष्ठभागावर तरंगते करा. पाय खाली लोंबत राहिले तर ते कयाकखाली जातात आणि ती पुन्हा अंगावर येते. बहुतेक जण इथेच अडकतात. जोरात पाय मारत, दोन्ही हातांनी कयाक स्वतःच्या पोटाखाली ओढा. क्रम असा: आधी पोट, मग कुल्ला, मग पाय. पोट आडवं टेकलं की थांबा, श्वास घ्या, वळून बूड टेकवा, शेवटी पाय आत. उंच सीट आड येत असेल तर तिच्या किंचित मागून किंवा पुढून चढा. दोन्ही बाजूंनी जमलं की पाय टेकत नाहीत इतक्या पाण्यात एकदा करा.

उलटायची वेळ येते ती बहुतेकदा मागच्या खणातली वस्तू काढायला वळताना, आणि अडकलेला गळ आडवा ओढताना. वस्तू काढायची तर दोन्ही पाय बाजूला पाण्यात सोडून बसा. अडकलेल्या गळाकडे नाळ वळवा आणि समोरून ओढा. सुटला नाही तर दोरा कापा.

११. मला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट आहे, मग चालेल का?

आधी पोहायला शिका. जॅकेट तरंगत ठेवतं, पण तोंडात पाणी गेल्यावर न घाबरणं आणि कयाकपर्यंत जाणं ते शिकवत नाही. प्रश्न १० मधला सराव जमेपर्यंत पाय टेकतील एवढ्याच पाण्यात राहा.

जॅकेट फोमचं घ्या, किमान ५० न्यूटनचं. पट्टे आवळून कोणाला तरी खांद्याशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटी-कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. पाठीमागे बांधून ठेवलेलं जॅकेट उलटल्यावर हाताला लागत नाही. अंगात हवं, प्रत्येकाच्या.

१२. जाहिरातीत उभं राहून गरवतात. मलाही जमेल का?

३३-३४ इंचांच्या खालच्या कयाकवर सोडून द्या. रुंद असेल तर गुडघाभर नव्हे, कमरेच्या वर पाण्यात सराव करा, कारण उथळ पाण्यात पडलं की डोकं तळाला आपटतं. पाय खांद्याइतके फाकवा, नजर क्षितिजावर. गळ फेकताना कमर फिरवायची, वजन सरकवायचं नाही.

१३. पेडलची कयाक आहे. चाचणीत वेगळं काय?

सीट अशी लावा की पाय सगळ्यात लांब गेला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील. उथळ पाण्यात पंखा वर घ्यायचा सराव न बघता करता आला पाहिजे. खाडीत पंख्यात जाळ्याचा दोरा, प्लास्टिकची पिशवी, धरणात शेवाळ गुंतणं रोजचं आहे. पंख्याला शिअर पिन (पंखा अडकला की आधी तुटणारी पिन) असेल तर दोन जादा पिना आणि त्या बदलायचं हत्यार जवळ ठेवा. वल्हं कायम सोबत. पेडलची कयाक ३५ ते ५५ किलोची असते, एकट्याला टपावर चढवता येते का हेही चाचणीतच कळतं.

१४. रॉड होल्डर आणि फिशफाइंडर लगेच बसवू का?

दोन-तीन फेऱ्या होईपर्यंत भोक पाडू नका. घरात बसून सोयीची वाटलेली जागा पाण्यात वल्ह्याच्या आड येते. पाण्यात बसून हात सहज जातो तिथे चिकटपट्टीने खूण करा, पुढच्या फेरीत ती जागा वल्ह्याला लागते का पाहा. भोक पाडताना आत फोम किंवा केबल नाही ना बघा, स्क्रू ३१६ स्टीलचे घ्या, आतून मोठा वॉशर आणि सांध्यात सीलंट.

पाच इंची फिशफाइंडर साधारण अर्ध्या अँपिअरपर्यंत वीज घेतो, त्याला १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी दिवसभर पुरते. लिथियम फॉस्फेटची एक किलोच्या आसपास भरते, शिशाची दोन किलोच्या वर. प्रश्न ६ मधला हिशोब आठवा.

१५. प्रवाहात नांगर टाकायचा असतो की नाही?

बाजूला बांधून कधीच नाही. दोर ताणला की प्रवाह कयाकची ती कड खाली दाबतो आणि ती क्षणात उलटते. दोर नेहमी नाळेला किंवा मागच्या टोकाला आणा, त्यासाठी अँकर ट्रॉली (दोर पुढे-मागे सरकवायची कप्पीची दोरी) बसवा. दीड-दोन किलोचा घडीचा नांगर आणि खोलीच्या किमान तिप्पट दोर, ओढ असेल तर पाच-सातपट. दोराला तरंगता बोया आणि एका झटक्यात सुटणारी अडकवणी हवी. सुरी हाताशी. उधाणाच्या ओहोटीत नांगर टाकूच नका, आणि डोल जाळ्यांच्या (प्रवाहात खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांच्या) खुंटांना कयाक बांधू नका. ती कोणाच्या तरी रोजीरोटीची जागा आहे, आणि प्रवाह तुम्हाला खुंटावर दाबून धरतो.

१६. पहिला मासा वर घेताना काय सांभाळायचं?

मासा मांडीवर येतो, हे किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांच्या ध्यानात नसतं. शेंगाळ्याचे पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात. पाखट तर कयाकवर घेऊच नका, बाजूलाच दोरा कापा. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी कापते, म्हणून ओठाला ग्रिपर (मासा धरायचा चिमटा) लावा. मासा कयाकच्या बाजूने वर घेताना स्वतःचं डोकं कडेबाहेर जाऊ देऊ नका. डोकं गेलं की शरीर मागोमाग जातं.

काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवा, वेदना उतरतात, आणि डॉक्टरकडे जा. थर्मासमध्ये गरम पाणी नेणं फार उपयोगाचं.

१७. परवाना लागतो का? पावसाळी बंदी कयाकला लागू आहे का?

महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. बिगर यांत्रिक पारंपरिक होड्या त्यातून वगळल्या आहेत. कयाकला मोटार लावली की नोंदणीचा प्रश्न उभा राहतो, लावण्याआधी बंदर खात्यात विचारा. नियम काही असो, त्या दोन महिन्यांत कयाक घेऊन समुद्रात जायचं नाही. बहुतेक धरणांतले मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यांची परवानगी घ्या, आणि पिण्याच्या पाण्याच्या धरणात जलसंपदा विभागाचीही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीच्या गाभ्यात गरवू नका.

समुद्रात अडकलात तर तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. मोबाईल जलरोधक पिशवीत, जॅकेटच्या खिशात. कुठून उतरताय आणि किती वाजता बाहेर येणार हे घरी लिहून ठेवा.

१८. खाऱ्या पाण्यातून आल्यावर काय करायचं?

त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा: सुकाणूच्या केबल, पेडल, सीटचे स्क्रू, रील. ड्रेन प्लग आणि हॅच उघडे ठेवून सावलीत वाळवा. प्लग हँडलला दोरीने बांधून ठेवा, म्हणजे तो लावायचा राहिला तर लोंबताना दिसेल. टपावर पट्टे करकचून आवळून उन्हात उभी ठेवली तर तळाला खड्डे पडतात. पडले तर रिकामी कयाक उलटी करून उन्हात ठेवा, बरेचसे आपोआप भरून येतात.